शंका आहे, पुरावा नाही. तोवर काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही खानापूर तालुक्यातल्या. नवरा गोव्यात कामाला, महिन्या-दीड महिन्यानं येतो. घर एकत्र, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढं सोपा, म्हणजे ओसरी. मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. पंचविशीतला चुलत दीर शेजारच्याच घरात राहतो. पोरीचा अभ्यास घेतो, दुकानात नेतो, मोबाईल खेळायला देतो. गेले दोन महिने ती त्याच्याकडं जायला नको म्हणते, सकाळी पोट दुखतं म्हणते आणि कधीच सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. जंताचं औषध झालं, फरक नाही. त्यानं तिच्यावर लैंगिक अत्याचार केला असेल, ही तुमची शंका. आणि तुम्ही लिहिलंय, ‘माझंच डोकं फिरलंय की खरंच काही आहे? त्याला सरळ विचारू का? काही नसलं तर घर मोडल्याचं पाप माझ्या माथी.’

मी बेळगावात वीसहून जास्त वर्षं मुलांचं समुपदेशन करते. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांच्या घरांपासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्या थरांतल्या आया माझ्यासमोर बसल्यात आणि जवळजवळ प्रत्येकीनं हाच प्रश्न विचारलाय : ‘त्यानं केलं की नाही?’ मी म्हणते, हा प्रश्न तुमचा नव्हेच. त्याचं उत्तर शोधायला पोलीस आहेत, डॉक्टर आहेत, कोर्ट आहे. तुमचा प्रश्न वेगळा आहे. पुरावा हातात नसताना पोर आज रात्री कुठं झोपणार आणि उद्या तिला काही सांगावंसं वाटलं तर ते तुमच्यापर्यंत पोचणार कसं? शंका आणि पुरावा यांच्यामध्ये बरीच मोठी जागा असते. आया तिथं हात बांधून बसतात, कारण त्यांना वाटतं खात्री झाल्याशिवाय काहीच करायचं नसतं. खरं तर सगळ्यात जास्त काम त्या जागेतच होतं, आणि ते कुणावर बोट न ठेवता करता येतं.

आधी लक्षणांचं सांगते, कारण त्यावरून फार गोंधळ होतो. अंथरूण ओलं होणं, पोटदुखी, झोपेत दचकणं, अभ्यासातून लक्ष उडणं, आईला सारखं चिकटून राहणं ही अत्याचार झालेल्या मुलांत दिसतात. तीच लक्षणं बाप लांब गेल्यावर दिसतात, घरात भांडणं असली की दिसतात, बाईंनी वर्गात मारलं तरी दिसतात. कन्नड शाळेत नव्यानं घातलेल्या मराठी पोरांची सकाळची पोटदुखी मी कित्येकदा पाहिलीय. महिनाभरात आपोआप जाते. म्हणून नुसत्या पोटदुखीवर मी काहीच ठरवत नाही. ती कशाला जोडलेली आहे, ते बघते. सुट्टीच्या दिवशी दुखतं का? तो गावाला गेलेला असताना दुखतं का? तुमच्या पत्रातलं मला महत्त्वाचं वाटलं ते हेच, की नको म्हणणं एका माणसाभोवती, एका घराभोवती आहे. वयाला न शोभणारं लैंगिक बोलणं किंवा बाहुल्यांशी, लहान भावंडांशी तसा खेळ दिसला, तर मी जास्त सावध होते. लघवीला जळजळ, खरचटणं, रक्ताचा डाग यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. आणि काही मुलांत यातलं काहीच दिसत नाही. वर्गात पहिली येणारी, हसतमुख पोरगी दोन वर्षांनी एका वाक्यात सगळं सांगून गेलेली मला आठवते.

त्यामुळं पोरीपेक्षा मोठ्या माणसाच्या वागण्याकडं बघायला मी आयांना शिकवते. घरातला माणूस अंधारात झडप घालत नाही. तो आधी घराला उपयोगी पडतो. गॅसची टाकी आणून देईल, रेशनच्या रांगेत उभा राहील, नवरा लांब असलेल्या बाईला आधारच वाटेल. मग चार पोरांतून एकच पोर निवडतो. तिला खाऊ, तिलाच मोबाईल, आणि वर ‘आईला सांगू नको हं, ती रागावेल’. हे ‘सांगू नको’ सुरुवातीला चॉकलेटचं असतं. पोर गुपित ठेवते का, याची ती चाचणी असते. पुढची पायरी म्हणजे सगळ्यांसमोर गुदगुल्या, कुस्ती, मांडीवर ओढणं. कोण काय बोलतं ते तो बघत असतो. कुणी काही बोललं नाही की पोरीचीही समजूत होते, हे सगळ्यांना चालतंय. शेवटी दोष तिच्याच पदरात घालतो : ‘तूच आलीस ना माझ्याकडं?’ प्रेमळ काका-मामाही खाऊ देतात, अभ्यास घेतात, हे मला ठाऊक आहे. फरक ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. त्या लाडाला दार उघडं चालतं का? ‘अभ्यास सोप्यात घ्या, मी इथंच भाकऱ्या करते’ असं म्हटल्यावर चांगला काका सोप्यात बसतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस कारणं काढतो, चिडतो, किंवा अभ्यास घेणंच बंद करतो. हा कोर्टातला पुरावा नव्हे, पण तुम्हाला सावध करायला पुरेसा आहे.

आपल्या भागातली एक गोष्ट इथंच बोलून टाकते, कुणाला राग आला तरी चालेल. मामाच्या पोरीशी, आत्याच्या पोराशी लग्न आपल्याकडं चालतं, त्यामुळं तीन वर्षांच्या पोरीलाही ‘हा बघ तुझा नवरा’ म्हणून चिडवलं जातं. वहिनीची, मेव्हणीची थट्टा तर रीतच. बहुतेक घरांत हे निव्वळ हसण्यावारी जातं. पण याच थट्टेच्या आडोशानं कुणी पोरीच्या अंगाशी आला, तर ती तक्रार कुठल्या शब्दांत करणार? सगळे हसतच असतात. माझ्याकडं आलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीनं मला हेच विचारलं होतं, ‘चेष्टा आणि ते, यात फरक कसा सांगायचा?’

आता पोरीला विचारायचं कसं. समोर बसवून, डोळ्यांत बघून, ‘खरं सांग, काकानं हात लावला का?’ असं कधीही नाही. याला दोन कारणं. घाबरलेली पोर ‘नाही’ म्हणते आणि तिच्या दृष्टीनं विषय संपतो. किंवा तुमचा चेहरा बघून ‘हो’ म्हणते, आणि पुढं वकील विचारतो की हे नाव पोरीनं घेतलं की आईनं भरवलं. हाताला काम असताना विचारा. शेंगा फोडताना, केसांना तेल लावताना. तेल लावताना पोरीची पाठ तुमच्याकडं असते, नजरेला नजर नसते. मुलं तेव्हा बोलतात. ‘काकाकडं गेल्यावर काय काय करता गं तुम्ही?’ एवढंच. मग गप्प बसायचं. ती ‘खेळतो’ म्हणाली तर ‘कसलं खेळता?’ ‘मग पुढं काय झालं?’ याच्यापुढं प्रश्न नको. काही निघालं नाही तर सोडून द्या आणि शेवटी एक वाक्य ठेवा : ‘कुणीही, आपल्या घरातल्यानंसुद्धा, गुपित ठेवायला सांगितलं तर मला सांगायचं, मी रागावणार नाही.’ मग ते वाक्य खरं करून दाखवा. कप फोडला म्हणून सांगायला आली आणि तुम्ही पाठीत धपाटा घातलात, तर मोठं गुपित ती तुमच्याकडं आणणार नाही.

ती काही सांगायला लागलीच, तर पहिली दोन मिनिटं सगळ्यात अवघड. छाती बडवून घेतलीत तर तिला वाटतं, आपण बोललो म्हणून आई रडायला लागली. हातातलं काम चालू ठेवा, श्वास घ्या, तिला तिच्या शब्दांत बोलू द्या. मग म्हणा की तू सांगितलंस हे बरं केलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ते मोडावंच लागतं. ‘जे मदत करतील त्यांनाच सांगीन’ म्हणा. ती झोपल्यावर वहीत तारीख घालून तिचेच शब्द जसेच्या तसे लिहा, बोबडे असले तरी. गोष्ट दोन-तीन दिवसांतली असेल तर कपडे धुऊ नका. प्लास्टिकच्या नव्हे, कागदी पिशवीत ठेवा. आणि आत्या, आजी, नवरा अशा सगळ्यांसमोर तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका.

इथं माझी चूक सांगते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, पोक्सो, यायच्या आधीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका मुलीनं थोरल्या काकाबद्दल सांगितलं. मी नवी होते. वाटलं, घरच्यांना एकत्र बसवून समजावू. आजी, आजोबा, बाप, सगळे बसले. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पोरीला सीमेपलीकडं आत्याच्या गावी धाडलं. आठ दिवसांनी ती परत आली आणि माझ्यासमोर खाली बघून म्हणाली, ‘मी खोटं बोललो.’ तिच्या हातात नवं घड्याळ होतं. त्या घरानं पुन्हा मला दारात उभं केलं नाही. तेव्हापासून दोन गोष्टी मी पक्क्या धरल्यात. ज्याच्यावर शंका आहे त्याला, आणि त्याला सांभाळून घेणाऱ्यांना, पोर सुरक्षित होण्याआधी काहीही कळू द्यायचं नाही. म्हणून तुमच्या ‘त्याला विचारू का?’ याला माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. आणि मुलानं बोलणं मागं घेतलं म्हणजे ते खोटं होतं असं धरायचं नाही. घरातल्या चार मोठ्यांच्या वजनाखाली मूल बोललेलं गिळतं.

आता कायद्याचं, जेवढं तुम्हाला लागेल तेवढंच. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू आहे. १८ वर्षांखालचं कुठलंही मूल, मुलगा असो वा मुलगी, त्यात येतं. अत्याचार करणारा नातेवाईक असला तर गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. मूल बोललं, तुम्हाला कळलं, की कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आईलाही आणि माझ्यासारखीलाही. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रामाणिक समजुतीनं कळवलं आणि पुढं काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. तेव्हा पंच बसवून, पायावर डोकं ठेवून, कुलदैवताची शपथ घेऊन ‘मिटवणं’ हा मार्गच नाही. तुमच्याकडं आज नुसती शंका आहे, पोर काही बोललेली नाही. तरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून सल्ला घेता येतो. हा नंबर कर्नाटकात लागतो, महाराष्ट्रातही लागतो, फुकट आहे.

सीमाभागात दोन अडचणी हमखास येतात. पहिली हद्दीची. पोर राहते खानापुरात, घडलं सुट्टीत चंदगडला मामाकडं. मग इकडचे म्हणतात तिकडं जा, तिकडचे म्हणतात इकडं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे : घडलं कुठंही असो, कुठल्याही ठाण्यानं तक्रार लिहून घ्यायची आणि मग हद्दीच्या ठाण्याकडं पाठवायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. शब्द लक्षात ठेवा आणि ठाण्यात तोच वापरा, बराच फरक पडतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती मला जास्त छळते. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, पोर बोलते आपली बेळगावी मराठी. मुलाला न समजणाऱ्या भाषेत नोंद होत असेल तर दुभाषा द्यावा लागतो, हे पोक्सोतच लिहिलंय. तो मागा. पण दुभाषा आपल्या भागातला हवा. आपल्या पोरी ‘मी गेलो होतो’ म्हणतात. बाहेरच्याला वाटतं मुलगा बोलतोय की काय. आणि आपलं ‘खरं’! एक मुलगी म्हणाली होती, ‘मी आत गेलो, खरं मला नको होतं.’ आपल्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. दुभाषा पुणेरी वळणाचा होता. त्यानं सांगितलं की मुलगी आत गेल्याचं ‘खरं आहे’ म्हणतेय. त्या एका शब्दानं वाक्याची मानच पिरगळली. तिथंच थांबवून दुरुस्त करून घेतलं म्हणून निभावलं. जबाब वाचून दाखवतील तेव्हा तुम्ही शेजारी बसलेल्या असायला हव्यात. मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ असणं कायद्यातच आहे. पोलिसांनी गणवेशात यायचं नाही, होता होईल तो महिला अधिकाऱ्यानं जबाब घ्यायचा, तोही मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवायचं नाही. तपासणी मुलीची असेल तर महिला डॉक्टरनं करायची आणि त्यासाठी आधी एफआयआर व्हायलाच हवा असं नाही. सिव्हिलमध्ये थेट जाता येतं. उपचार सरकारी-खासगी दोन्हीकडं मोफत. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

सगळं कागदावर लिहिलंय तसं सुरळीत होतं का? नाही. कोर्टात एका वर्षात निकाल लागावा असं कायदा म्हणतो, मी त्याहून लांबलेली प्रकरणं पाहिलीत. कुणाचं सासर तुटतं. कमावता माणूसच आरोपी असेल तर चुलीचा प्रश्न येतो. तिथं मी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याची आठवण करून देते. त्यात न्यायाधीश पुरुषाला घराबाहेर राहायला सांगू शकतात, म्हणजे पोरीला मावशीकडं धाडायची वेळ येत नाही. करणारा १४-१५ वर्षांचा चुलतभाऊ निघाला तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं, आणि त्या पोरालाही मदत लागते. अशा घरात आईला दोन्हीकडून रडू येतं.

मुलग्यांबद्दल एकच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या मुलामुलींपैकी ५३ टक्क्यांनी कसला ना कसला लैंगिक छळ सांगितला होता. त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, आणि करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले. ‘पोरग्याला काय होतंय’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. त्याच घरांतले पोरगे विशी-पंचविशीत माझ्याकडं आलेत.

आता तुमच्या घरात लगेच करायच्या गोष्टी. कुणालाही जाब न विचारता. अभ्यास सोप्यात, दार उघडं. किंवा अभ्यासच तुमच्याकडं, ‘बाईंनी सांगितलंय, आईनंच घ्यायचा’ म्हणून. अशा वेळी मी खोटं बोलायला परवानगी देते. मोबाईल घरातल्या घरात, मोठ्यांसमोर. दुकानात ती एकटी कुणाबरोबर जाणार नाही. झोपायची जागा तुमच्या कुशीत किंवा आजीच्या. अंघोळीला दाराला कडी आणि बाहेर तुम्ही. कुणी ‘ये, पापा दे’ म्हणालं आणि तिला नको असलं, तर ‘नमस्कार कर बाळा, पुरे’ म्हणून सोडवा. पाहुण्यांचा मान नमस्कारानंही राहतो. अवयवांना नावं शिकवा, लाजून ‘शी-शूची जागा’ एवढ्यावर थांबू नका. पोरीकडं शब्दच नसेल तर ती सांगणार कसं? शाळेत वर्षातून एकदा ‘गुड टच, बॅड टच’ होतं, चांगलंच आहे, पण लाडानं केलेला स्पर्श मुलाला ‘बॅड’ वाटतोच असं नाही. म्हणून मी गुपितावर जास्त भर देते. वाढदिवसाची गंमत चार दिवसांत सगळ्यांना कळते. जी गोष्ट कधीच कुणाला सांगायची नसते, ती आईला सांगायची.

सासूबाईंना सगळं सांगायचं का, हे त्या कशा आहेत यावर अवलंबून आहे, आणि ते मी इथं बसून ठरवू शकत नाही. पुतण्यावर त्यांचा जीव असेल तर आत्ता नको. पण बऱ्याच घरांत आजीला आधीच काहीतरी जाणवलेलं असतं. ‘आत्ती, पोरगी हल्ली रात्री दचकते, तुमच्याजवळ घेऊन झोपता का?’ एवढंच म्हणून बघा. कारण न विचारता ‘हं, दे इकडं’ म्हणाल्या, तर तुम्हाला घरात एक माणूस मिळालं. नवऱ्याला फोनवर सांगू नका. गोव्यातून रागानं निघालेला माणूस पहाटे शेजारच्या दारावर लाथ घालतो आणि सगळं हातातून जातं. तो घरी आला की पोर झोपल्यावर, वही समोर ठेवून सांगा.

तुम्ही लिहिलंय की चतुर्थीला घर भरतं, गोव्या-पुण्याचे सगळे येतात आणि रात्री आरती-भजन झाल्यावर पोरं सोप्यात सरसकट आडवी होतात. चतुर्थीच असं नाही, लग्न, जत्रा, सौंदत्तीला गाडी करून गेल्यावर धर्मशाळेतला मुक्काम, सगळ्या गर्दीच्या रात्री तशाच. यंदा पोरांची अंथरुणं आतल्या खोलीत घाला, सगळ्याच पोरांची, म्हणजे तुमची एकटी वेगळी दिसणार नाही. दाराशी आजी, पलीकडं तुम्ही. कुणी हसलं, ‘काय पहारा लावलाय’ म्हणालं, तर ‘डास फार झालेत’ म्हणा आणि मच्छरदाणी बांधा. त्या आठवड्यात किंवा त्याआधी ती काही बोलली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, १०९८ लावा.